वही द्यावी की झेरॉक्स?

(मोठ्या गटाचे मत)



या वेळी आमचा विषय संगणकाचा आहे, पण लहान गटाने घाबरून पान उलटू नये. यात भाजणी आहे, घराच्या किल्ल्या आहेत आणि आम्ही केलेली एक मोठी चूकही आहे. बाईंनी फक्त शुद्धलेखन तपासले आहे. मते आमची आहेत, तेव्हा रागवायचे असेल तर आमच्यावर रागवावे.

सुरुवात झाली ती चहाच्या टेबलाशी. रविवारी आमचा वर्ग चालू असतो तेव्हा पालकमंडळी बाहेरच्या हॉलमध्ये थर्मासमधला चहा पीत बसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातले निम्म्याहून अधिक सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हेही ठाऊक आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्यातली एक जण शाळेच्या चाचणीचा पेपर घेऊन आली. तिचा एक प्रश्न चुकला होता. पायथॉनमधल्या एका फंक्शनला आपण एक यादी दिली. फंक्शनने आतमध्ये त्या यादीचे नाव काढून एका नव्या, रिकाम्या यादीला दिले. तर बाहेरची आपली यादी रिकामी होते का? तिने "हो" लिहिले होते, कारण घरी बाबांनी सांगितले होते, "अगं, सगळं रेफरन्सने जातं."

शेजारी बसलेल्या एका काकांनी हे ऐकले आणि चहाचा कप खाली ठेवला. "कोण म्हणतं? सगळं व्हॅल्यूने जातं!" झाले! पुढचा अर्धा तास जे काही चालले ते आम्ही दाराशी उभे राहून ऐकले. फंक्शनला आपण जे देतो त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. मराठीत आर्ग्युमेंट म्हणजे वाद. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच टेबलावर बसले होते. आणि ज्या हॉलबाहेर आम्हीच "येथे मराठीत बोला" अशी पाटी लावली आहे, तेथे हा सगळा वाद इंग्रजीत चालला होता.

शेवटी चहा संपला, वाद संपला नाही. आमच्या मैत्रिणीला मात्र उत्तर मिळाले नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी ते शोधायचे ठरवले, आणि तेही मराठीत.

प्रथम सोपे दोन प्रकार सांगतो. समजा, तुमच्या मित्राने तुमची गणिताची वही मागितली. तुम्ही त्याला झेरॉक्स दिलीत, तर तो त्यावर काहीही खरडो, तुमची वही जशीच्या तशी राहते. याला 'कॉल बाय व्हॅल्यू' म्हणतात. आम्ही त्याला 'प्रत देणे' म्हणतो. सी भाषेत असेच असते. कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यात अगदी पहिल्याच प्रकरणात हे सांगितले आहे, कारण दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांना ते वेगळे वाटेल असे लेखकांना वाटले.

दुसरा प्रकार म्हणजे वहीच देऊन टाकणे. मित्राने पान फाडले तर तुमचे पान गेले. याला 'कॉल बाय रेफरन्स' म्हणतात. आम्ही 'मूळ देणे' म्हणतो. फोर्ट्रानच्या जुन्या काळात हाच प्रकार चालत असे, आणि त्यातून गमतीही होत. एखादे फंक्शन दिलेल्या संख्येत एक मिळवते. त्याला तुम्ही चल न देता नुसता ४ हा आकडा दिलात, तर काही जुन्या कंपायलरांत तो आकडा जिथे साठवलेला असे तिथेच ५ लिहिले जाई. मग पुढच्या साऱ्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ४ लिहिले आहे, तिथे तिथे ५ निघणार! नियमाप्रमाणे असे करणे चूकच होते, पण यंत्र अडवत नसे.

एक तिसरा, विचित्र प्रकारही होऊन गेला. १९६० सालच्या अल्गोल या भाषेत 'कॉल बाय नेम' होते. यात वस्तू द्यायची नाही आणि प्रतही द्यायची नाही. वस्तू कुठे सापडेल ते सांगणारी चिठ्ठी द्यायची आणि दर वेळी लागेल तेव्हा ती चिठ्ठी नव्याने वाचायची. मध्येच कुणी चिठ्ठीतला आकडा बदलला तर? समजा, 'क्रमांक' म्हणजे २ आणि दुसऱ्या डब्यात ५ लाडू आहेत. 'क्रमांक' आणि 'क्रमांकाच्या डब्यातले लाडू' या दोन्हींची अदलाबदल करायला सांगितली. फंक्शनने आधी २ हा आकडा बाजूला लिहून ठेवला. मग क्रमांक ५ केला. आता 'क्रमांकाच्या डब्यात' २ ठेवायचे, म्हणून चिठ्ठी वाचली, तर ती पाचव्या डब्याकडे बोट दाखवते! दुसरा डबा तसाच राहिला आणि पाचव्या डब्यातले लाडू उगीच बदलले. हा प्रकार पुढे बहुतेक भाषांनी सोडून दिला, यात नवल नाही.

आता आपल्या मैत्रिणीचा प्रश्न. पायथॉन आणि जावा यांत काय होते? आम्ही याला किल्लीचे उदाहरण शोधले. यादी म्हणजे घर आणि यादीचे नाव म्हणजे जुडग्यातली किल्ली, असे समजा. फंक्शनला आपण घर देत नाही आणि आपले जुडगेही देत नाही. आपल्या किल्लीवरून एक नवी किल्ली करून देतो. ती घेऊन फंक्शन आपल्या घरात शिरले आणि सोफा हलवला, तर संध्याकाळी आपल्याला सोफा हललेला दिसणारच, कारण घर एकच आहे. पण फंक्शनने आपल्या जुडग्यातली ती किल्ली काढून दुसऱ्या घराची किल्ली लावली, तर आपल्या जुडग्याला काही होत नाही. आपली किल्ली आपलेच घर उघडते.

म्हणून यादीच्या शेवटी फंक्शनने 'पोहे' जोडले तर बाहेर पोहे दिसतात. पण यादीचे नाव रिकाम्या यादीला दिले तर बाहेरची यादी भरलेलीच राहते. मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे होते.

आता बाबा आणि काका यांच्याविषयी. दोघांविषयी आदर ठेवून आम्ही म्हणतो की दोघांनीही मुलांना अर्धेच सांगितले. "रेफरन्सने जातं" असे म्हटले की मूल समजते, आपले जुडगेच दिले. मग ते परीक्षेत "यादी रिकामी होते" असे लिहिते आणि गुण जातात. "व्हॅल्यूने जातं" असे म्हटले की मूल समजते, झेरॉक्स दिली. मग ते बेफिकीर राहते आणि आत जोडलेले पोहे बाहेर कसे आले म्हणून रात्रभर शोधत बसते. काकांचे वाक्य जावाच्या नियमाप्रमाणे खरे आहे, हे आम्ही मान्य करतो. जावात जी 'व्हॅल्यू' जाते ती किल्लीची प्रत असते. आमच्यातले दोघे एपी कॉम्प्युटर सायन्स घेत आहेत, त्यांच्याही पुस्तकात असेच आहे. पण 'किल्ली' हा शब्द गाळून नुसते 'प्रत' म्हटले की ऐकणाऱ्याला घराची प्रत वाटते. खरे वाक्यसुद्धा अर्धे सांगितले तर ऐकणारा फसतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

याला तिसरे नाव आहे, आणि ते काही नवे नाही. एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सीएलयू नावाची भाषा बनवली. तिच्यातल्या पद्धतीला त्यांनी 'कॉल बाय शेअरिंग' म्हटले. म्हणजे वस्तू एक, आणि ती दोघांत सामाईक. लिस्कोव्हबाईंना पुढे २००८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एवढे चांगले नाव इतकी वर्षे पडून असताना लोक दोनच नावांवर का भांडतात, हे आम्हाला कळत नाही. आमची पहिली सूचना ही की मुलांना शिकवताना तीन नावे शिकवावीत: प्रत देणे, मूळ देणे आणि सामाईक देणे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे परीक्षेपुरते आहे, वार्तापत्रात कशाला? तर आता आमची चूक सांगतो.

आमच्यातल्या एकीच्या आजी गेल्या वर्षी सहा महिने इथे राहून परत गेल्या. जाताना त्यांनी आपली पाककृतींची वही इथे ठेवली. निळ्या शाईत लिहिलेली, पाने पिवळी पडलेली. दिवाळी अंकासाठी त्यातली थालीपिठाची भाजणी घ्यायची असे आम्ही ठरवले. मैत्रिणीने वही दिली. आमच्यापैकी एकाने ती घरी नेली आणि टाइप करायला बसला. वहीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी यांची मापे 'मापटे', 'चिपटे' अशी होती. इथे कोणाला कळणार, म्हणून त्याने चांगल्या हेतूने ते शब्द खोडले आणि वर बॉलपेनने 'कप' लिहिले. वहीतच! कपांचे आकडेही अंदाजाने घातले होते.

वही परत गेली तेव्हा मैत्रिणीची आई पान उघडून नुसती बघत राहिली. रागावली नाही, काही बोललीही नाही. आम्हाला ते रागावण्यापेक्षा जड गेले. खोडलेले शब्द पुष्कळ वेळा गिरवून खोडलेले होते. खाली काय होते ते वाचता येत नव्हते.

आम्ही नंतर बसून विचार केला की चूक नेमकी कुठे झाली. देणारीला वाटले, मी उतरवून घ्यायला दिली. घेणाऱ्याला वाटले, मला नीट करायला दिली. दोघांच्याही मनात काही खोट नव्हती. पण "वही दे" आणि "घे" या दोन शब्दांत प्रत की मूळ, वाचायला की बदलायला, हे कुठेच नव्हते. हीच अडचण फंक्शनची आहे. बाहेरून बघणाऱ्याला नुसते दिसते की अमुक वस्तू दिली. आत तिचे काय होणार, हे दिसत नाही.

म्हणून आमचे दुसरे आणि मुख्य मत असे की घेणारा वस्तू बदलणार असेल, तर ते देणाऱ्याला देतानाच दिसले पाहिजे.

भाषा बनवणाऱ्यांनी यावर वेगवेगळे उपाय केले आहेत. निकलाउस विर्ट यांच्या पास्कलमध्ये (१९७०) बदलायच्या वस्तूपुढे 'व्हार' असे लिहावे लागते. पण ते फंक्शनच्या व्याख्येत लिहायचे. जिथून वस्तू दिली जाते, तिथे काहीच खूण नसते. सी प्लस प्लसमध्येही तसेच. म्हणजे घेणाऱ्याच्या घरी पाटी आहे, पण देणाऱ्याला ती दिसत नाही. याउलट साध्या सीमध्ये एखादा आकडा बदलून हवा असेल तर देणाऱ्याला स्वतः त्याचा पत्ता लिहून द्यावा लागतो, त्यामुळे निदान त्या ठिकाणी खूण दिसते. सी शार्पमध्ये 'रेफ' हा शब्द दोन्हीकडे लिहावा लागतो, व्याख्येतही आणि देतानाही. २०१४ साली आलेल्या स्विफ्टमध्येही देताना खूण करावीच लागते. आम्हाला ही रीत सर्वांत सभ्य वाटते. "मी तुला ही बदलायला देत आहे" आणि "मी ही बदलायला घेत आहे" असे दोघांनीही म्हणायचे.

व्हिज्युअल बेसिकची गोष्ट तर आमच्या बाजूनेच बोलते. जुन्या आवृत्त्यांत काही सांगितले नाही तर मूळ जात असे. २००२ साली डॉटनेटची आवृत्ती आली तेव्हा हे उलटे केले. काही सांगितले नाही तर प्रत जाईल, मूळ हवे असेल तर तसे लिहा. चालू भाषेचा इतका जुना नियम बदलणे सोपे नसते. तरी त्यांनी तो बदलला.

यावर दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला आक्षेप पालकांचा: "बाळांनो, सगळ्याच्या प्रती काढत बसलात तर मशीन दमेल." हे खरे आहे. एका मोठ्या फोटोत लाखो ठिपके असतात. प्रत्येक फंक्शनला नवी प्रत दिली तर वेळ आणि जागा दोन्ही वाया जातात. पण नेहमी प्रतच द्या असे आम्ही म्हणतच नाही. मूळ खुशाल द्या, फक्त अट सांगून द्या. सी प्लस प्लसमध्ये याची एक चांगली सोय आहे. मूळ वस्तू 'कॉन्स्ट' म्हणून देता येते. म्हणजे "बघ, पण हात लावू नकोस". गणपतीच्या मखराजवळ लहान गटाला आपण असेच सांगतो.

दुसरा आक्षेप असा की पायथॉन, जावा यांत अशी खूणच नाही, मग काय करायचे? तिथे नावाने सांगावे. पायथॉनमध्ये यादी क्रमाने लावायचे दोन मार्ग आहेत. 'सॉर्टेड' आपल्याला नवी यादी देते आणि जुनीला हात लावत नाही. 'सॉर्ट' जुनीच यादी बदलते, आणि मुद्दाम काहीच परत देत नाही. मूळ यादी बदलली आहे, हे करणाऱ्याच्या लक्षात राहावे म्हणून. रुबी भाषेत तर मूळ बदलणाऱ्या प्रकारच्या नावापुढे उद्गारचिन्ह देण्याची पद्धत आहे. आम्हीही आता शाळेच्या कामात नाव ठेवताना हे पाळतो. फंक्शन यादी बदलणार असेल तर नावातच तसे लिहितो. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीतही चालतात. आमच्यातल्या एकाने एका फंक्शनचे नाव 'मूळ_यादी_बदला' असे ठेवले आणि ते चालले. शाळेतल्या सरांना वाचता आले नाही, हा भाग वेगळा.

आता शेवटच्या सूचना.

१. वर्गाच्या कपाटात एक नोंदवही ठेवावी. कोणाच्याही घरची जुनी वही, फोटो, पत्र किंवा पुस्तक अंकासाठी घेतले तर त्यात लिहावे: काय घेतले, कोणी घेतले, आणि 'वाचायला' की 'बदलायला'. शक्यतो आधी झेरॉक्स काढावी आणि मूळ त्याच दिवशी परत करावे. ही नोंदवही आम्ही आणली आहे. पहिल्या पानावर आमचीच चूक लिहिली आहे.

२. मुलांना संगणकाचे उत्तर देताना पालकांनी एक वाक्य देऊन थांबू नये. एक उदाहरण चालवून दाखवावे. यादी द्या, आत जोडा, बाहेर बघा. मग नाव बदला, बाहेर बघा. पाच मिनिटांचे काम आहे. त्या रविवारी अर्धा तास गेला आणि कोणीही लॅपटॉप उघडला नाही.

३. हे मराठीत सांगावे. फंक्शन, यादी, किल्ली, प्रत, मूळ, सामाईक, एवढ्या शब्दांत आमचे काम झाले. फंक्शनला मराठी शब्द शोधत बसलो नाही, टेबलालाही शोधत नाही. घरात जेवणाबद्दल मराठी आणि अभ्यासाबद्दल इंग्रजी असे झाले आहे. त्यामुळे आम्ही जसजसे मोठे होतो तसतसे मराठीत बोलण्यासारखे कमी उरते. बाबा आणि काका यांचा वाद मराठीत झाला असता तर आम्हीही त्यात बसलो असतो.

वहीचे काय झाले, हे काही जणांनी विचारले. आम्ही सगळ्यांनी मिळून आजींना फोन केला आणि क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, वही गेली तरी हात आहेत ना माझे!" आणि सगळी मापे पुन्हा सांगितली. मापटे म्हणजे केवढे, हे समजावून सांगायला त्यांना पंधरा मिनिटे लागली. आम्ही ते सर्व एका वेगळ्या कागदावर लिहून वहीत ठेवले आहे. वहीवर काही लिहिलेले नाही. दिवाळी अंकात छापलेली कपांची मापे चुकीची आहेत, तरी कृपया ती वापरू नयेत. बरोबर मापे पुढच्या अंकात देऊ.

आमचे म्हणणे ज्यांना पटले नसेल त्यांनी (बाबा आणि काका यांनी तर जरूर) उत्तर लिहून पाठवावे. उत्तर मराठीत असावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, बाई तपासतील. त्या खुणा झेरॉक्सवर करतात, मूळ कागद जसाच्या तसा परत मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मोठा गट